एमिलची तारीख

७ जानेवारी, सोमवार

नाताळात आर्लिसने ही वही दिली. म्हणाली, "मनातलं काय ते हिच्यात लिही, म्हणजे जेवताना माझ्यावर खटला चालवणार नाहीस." एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको अशीच भेट देते.

तर लिहितो. मी ऑरिन ट्वेट, वय साठ, टॅमरॅक काउंटीचा जज. म्हातारे ऑस्ट्रँडर निवृत्त झाले आणि राज्यपालांनी त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. पण ही नेमणूक म्हणजे उधारीची टोपी. दोन एप्रिलला लोकांनी निवडून दिलं तर सहा वर्षं, नाही तर जुलैअखेर घरी. आणि घरी म्हणजे अगदी घरीच. माझी वकिली मी पुतण्याला विकून टाकली आहे. परवा तिकडून गेलो तर काचेवरचं माझं नाव त्याने खरवडून काढलेलं होतं. इतकी कसली घाई होती त्याला?

समोर क्रिस्टा नॉरबी उभी आहे. सरकारी वकिलांच्या कचेरीतली, चाळिशीची. हसली की दात मोजून घ्यावेत असं हसते.

आमच्या प्रचाराचा सगळा भार आर्लिसच्या भावावर, बर्नेलवर आहे. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे त्याला वाटतं की कुठलीही गोष्ट दोन खिळ्यांत बसते. घोषवाक्य मात्र माझं आहे: "वेळेवर न्याय". ऑस्ट्रँडरसाहेब माणूस देवासारखा, पण निकाल देईनात. एका कुंपणाच्या भांडणात निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंचे खांब कुजून पडले होते. ते दिवस संपले. बर्नेलने माझ्या नावाच्या आणि घोषवाक्याच्या रबरी चकत्या करून आणल्यात, बरणीचं घट्ट झाकण फिरवायला. म्हणाला, "कार्ड लोक फेकून देतात. हे स्वयंपाकघरात राहतं."

१८ जानेवारी, शुक्रवार

आज एमिल झुरबुकनला शिक्षा सुनावायची होती. टेकडीवरचा चीजवाला तो. दारू पिऊन गाडी चालवताना चौथ्यांदा सापडला, आणि सापडला तोही कसा, तर लुथरन चर्चच्या आवारात नाताळच्या देखाव्यासाठी उभारलेल्या लाकडी गोठ्यात ट्रक घुसवून. बाळ येशू वाचला, गाढव गेलं. सगळ्या काउंटीला अजून हसू आवरत नाही. मला हसता येत नाही, कारण जामिनावर असताना तो पुन्हा प्यायला आणि मीच त्याला तुरुंगात टाकलं. गुन्हा त्याने कबूल केलाय. उरलीय ती शिक्षा. एक तर सरळ राज्याच्या तुरुंगात, नाही तर इथल्या काउंटीच्या तुरुंगात, दिवसा कामावर जायची सवलत देऊन. सकाळी कामावर, संध्याकाळी परत कोठडीत. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. निम्मी काउंटी कधी ना कधी अशी कामाला गेलेली आहे.

त्याचा वकील मॉरिस एगन म्हणाला, "जजसाहेब, या राज्यात परवान्याशिवाय चीज बनवता येत नाही आणि त्या कारखान्यात परवाना एकट्या एमिलकडे आहे. शेजारच्या गावचा एक चीजवाला सध्या मदतीला येतो, पण तो किती दिवस येणार? दूध रोज येतं. दूध थांबत नाही."

त्याच्या पार्श्वभूमीचा अहवाल एक पान कमी होता. अर्धवट कागदांवर मी माणसाला शिक्षा देत नाही. पंधरा फेब्रुवारी दिली. क्रिस्टा सध्या माझ्या कोर्टात खटले चालवत नाही, बरं दिसत नाही म्हणून. तिच्या कचेरीतला लांब मानेचा पोरगा आला होता. त्याने लगेच सांगितलं, हरकत नाही.

एमिलची बायको लेओना तिसऱ्या रांगेत बसली होती. पायात चीजवाल्यांचे ते पांढरे रबरी बूट, अंगाला ताकासारखा वास. कोर्टात यायचं तर माणसाने पायात काहीतरी बरं घालावं.

माझी मदतनीस विल्मा हिच्या टेबलावर मात्र लेओनाने आणलेली ताज्या चीजदाण्यांची पिशवी होती. दर शुक्रवारी असते. त्या दिवशीचेच दाणे, दाताखाली चुईचुई करणारे. आरोपीच्या घरचं म्हणून मी हात लावला नाही. विल्माने माझ्या वाटचेही खाल्ले.

२७ जानेवारी, रविवार

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी. चार तास हात मिळवले, बोटं सिरपने चिकटली होती. लोक हात सोडेनात की सुटेनात, कळेना.

एक बाई आली. तिचा मुलगा अशाच एका पिऊन चालवणाऱ्याने मारला, तिकडे दुसऱ्या काउंटीत. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही त्या चीजवाल्याला सोडणार की काय, एवढंच विचारायला आलेय."

मी सांगितलं की चालू खटल्याबद्दल जजला बोलता येत नाही, नियम आहे. ती मान हलवून गेली. पॅनकेक तिने घेतलेच नाहीत.

घरी येताना गाडीत बर्नेल म्हणाला, "हे बघ जजसाहेब. एमिलला कामावर जाऊ दिलंस की अशी माणसं गेली, आणि क्रिस्टा तुझ्या नावाने घरोघरी पत्रक टाकेल. राज्याच्या तुरुंगात धाडलंस की बारवाले गेले, टेकडीवरचे सगळे गेले. काहीच करू नकोस. काही न करणाऱ्यावर कोणी पत्रक काढत नाही."

मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. मतं बघून मी निकाल देत नाही, आणि देणारही नाही. तो म्हणाला, "मी कुठे निकाल दे म्हणतोय?"

९ फेब्रुवारी, शनिवार

गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची जत्रा. हा प्रचार ज्याने शोधून काढला त्याला मी जन्मठेप देईन. बर्फावर शेदोनशे खोपटी आणि प्रत्येकात दोन-तीन माणसं, बर्फाला पाडलेल्या भोकाकडे बघत बसलेली. आपण दार वाजवायचं, वाकून आत जायचं, चकती द्यायची. आत शेगडी, बाहेर उणे वीस. माझा चष्मा दर दाराला धुकटायचा आणि मी हात कुणाशी मिळवला ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

एका खोपटात सकाळी नऊला ब्रँडीची बाटली पुढे आली.

"घ्या जजसाहेब, एक घोट."

"गाडी चालवायची आहे."

"मग एमिलशेजारी जागा आहे," दुसरा म्हणाला आणि दोघंही भोकात पडेपर्यंत हसले. मग पहिला जरा गंभीर झाला. "नाही, खरंच सांगा. त्याचं काय करताय? माझ्या भावाचं दूध तिकडे जातं."

"चालू खटल्याबद्दल बोलता येत नाही."

"नियम?"

"नियम."

"बरा नियम आहे," तो म्हणाला आणि परत भोकाकडे वळला.

बराच आहे. मी तर म्हणतो, या सगळ्या धांदलीत तेवढी एकच उबदार जागा आहे. ते वाक्य म्हटलं की समोरचा हटतो आणि माझा जीव भांड्यात पडतो.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल पूर्ण आला होता. पण आज सकाळी ज्यूरीचा दुसरा खटला लांबला आणि एमिलसाठी जेमतेम वीस मिनिटं उरली. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न वीस मिनिटांत उरकणं मला प्रशस्त वाटलं नाही. पंधरा मार्च दिली.

एगन उभाच राहिला. "जजसाहेब, मग निदान तोवर त्याला दिवसा कारखान्यात जाऊ द्या. पायाला पाळतीचा पट्टा बांधा, बरोबर शिपाई द्या, काहीही करा. मदतीला येणारा चीजवाला या महिन्याअखेर यायचा बंद होतोय."

मी म्हणालो, सवलतीचा विचार शिक्षेबरोबरच होईल, तुकड्या-तुकड्यांत नाही. सरकारी बाजूला विचारलं. लांब मानेचा पोरगा म्हणाला, हरकत नाही. आता विरोधी उमेदवाराच्या कचेरीलाही हरकत नसेल तर माझ्या निर्णयात खोट ती काय असणार?

एमिल बारीक झालाय, पण डोळे स्वच्छ दिसले. शिपाई त्याला नेत होता तेव्हा लेओनाने हाताने काहीतरी खूण केली, उलथनं फिरवल्यासारखी. त्याने मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. काय बोलले कोण जाणे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

चैन पडत नाही. अंगणा-अंगणांतल्या माझ्या पाट्या जागेवर आहेत का ते बघायला दुपारभर गाडी फिरवली. आर्लिस म्हणाली, "पाट्या पळून जात नाहीत. तू कुणापासून पळतोयस?" तिला प्रचार म्हणजे काय ते कळत नाही.

८ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे उपवासाचे शुक्रवार सुरू झालेत, मटण बंद, मासे चालतात, म्हणजे जिथे मासे तळतात तिथे मतदार. आज तीन ठिकाणी जेवलो. पोटात कॉड पोहतायत.

नाक्यावरच्या बारमध्ये माशांबरोबर चीजदाणे मागवले तर रबरासारखे निघाले, कुठल्याशा मोठ्या कंपनीचे, बर्फातले. मी मालकाकडे तक्रार केली. दर्जा म्हणून काही राहिला नाही काउंटीत. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि ताटली उचलून नेली. याचं मत गेलं असं धरून चालतो. खरं तर तक्रार करायला नको होती.

विल्माच्या टेबलावरही हल्ली पिशवी दिसत नाही. वजन कमी करत असावी.

१५ मार्च, शुक्रवार

कोर्टाची लघुलेखिका तापाने आजारी. बदली मिळाली असती, पण बारा मैलांवरून येणार, रस्त्यावर बर्फ वितळून चिखल. नोंदीशिवाय शिक्षा सुनावता येत नाही. पाच एप्रिल दिली.

एगन या वेळी ताडकन उठला नाही. हळूच उठला. "पाच एप्रिल म्हणजे निवडणुकीनंतरचा शुक्रवार, जजसाहेब."

"कोर्टाच्या कॅलेंडरवर निवडणूक नसते, मिस्टर एगन."

"नाही, नसते," तो म्हणाला. "मी फक्त वार सांगितला."

त्याच्यावर अवमानाची कारवाई करता आली असती. केली नाही. माझा स्वभाव तसा नाही.

एक गोष्ट मात्र बरी वाटली. लेओना आज नीट काळे बूट घालून आली होती, केस विंचरलेले, अंगाला कसलाही वास नाही. लवकर येऊन सगळ्यांआधी बसली होती आणि सगळे गेल्यावरही बसून होती. आधी नेहमी घाईत पळायची. कोर्टाचा मान ठेवायला शिकली म्हणायची.

विल्माला मी हे बोलून दाखवलं. ती टाइप करत होती. वर न बघता म्हणाली, "तिला आता घाई कशाची असणार?" सूर मला आवडला नाही.

२० मार्च, बुधवार

वाचनालयात जाहीर चर्चा. मी आणि क्रिस्टा, मध्ये पाण्याचा एक जग. "वेळेवर न्याय" यावर मी सात-आठ मिनिटं बोललो. ऑस्ट्रँडरसाहेबांच्या कुंपणाचा किस्सा सांगितला, लोक पोट धरून हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "आणि चीजवाल्याचं?"

मी सांगितलं, नियम. क्रिस्टाकडे माइक गेला. ती म्हणाली, माझ्या कचेरीतला खटला आहे, मलाही बोलता येत नाही. आम्ही एकाच वेळी एकाच जगातलं पाणी ओतून घ्यायला हात पुढे केला आणि दोघांनीही मागे घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मला थोडी आवडली.

घरी आल्यावर आर्लिस एवढंच म्हणाली, "एमिलने आपल्या इंगाच्या लग्नाला चीजचं अख्खं चाक पाठवलं होतं, आठवतं?"

आठवतं. लेकीचं लग्न विसरेन कसा? पण म्हणूनच तर जपून वागायला हवं ना?

३० मार्च, शनिवार

सकाळी बर्नेल दारात. "ऊठ. टाउनलाइन रोडला लिलाव आहे. तीनशे माणूस येईल, मतदानाआधीचा शेवटचा शनिवार. याहून चांगली संधी मिळणार नाही." कुणाचा लिलाव म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "लिलाव लोकांचा असतो."

वळण घेतलं तेव्हाच मला कळलं. तो रस्ता टेकडीवर जातो आणि टेकडीवर दुसरं काही नाही. मी गाडी थांबव म्हणायला हवं होतं. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि लोकांनी आम्हाला पाहिलं होतं. पुतण्या चौथ्या गाडीत होता. जज आला आणि चीजवाल्याचं नाव बघून परत फिरला, असं गावभर झालं असतं. म्हणून उतरलो. चकत्यांची पिशवी घेतली आणि हात मिळवायला लागलो.

सगळं बाहेर गवतावर मांडलं होतं. कढया, साचे, दाबायच्या लाकडी फळ्या, दही कापायच्या तारा. पांढऱ्या बुटांचे जोड एका ओळीत, वेगवेगळ्या मापांचे, सगळे मिळून एक बोली. लिलाववाला जेव्हा तांब्याच्या मोठ्या कढईपाशी आला तेव्हा माणसं कडं करून उभी राहिली. एमिलच्या आजोबांची कढई. इलिनॉयच्या एका जोडप्याने घेतली. बाई म्हणाली, अंगणात फुलं लावायला छान दिसेल. मी कुणाचा तरी हात हातात धरून उभा होतो. कुणाचा ते आठवत नाही.

चर्चच्या बायका कढत सूप आणि ॲपल पाय विकत होत्या. मी तिकडे गेलो, त्यांना चकत्या वाटल्या आणि वाटता वाटता माझा हात लेओनासमोर थांबला. ती टेबलाच्या टोकाला नुसती उभी होती. हात मागे घेणं वाईट दिसलं असतं, पुढे ठेवणंही वाईटच होतं.

तिने चकती घेतली. उलटी करून नाव वाचलं, खालचं वाक्यही वाचलं. मग म्हणाली, "बरं झालं. घरात बरण्या उघडायला कोणी नाही."

आणि खिशात टाकली.

मी तिला सांगू शकत नव्हतो की शुक्रवारी मी काय ठरवलंय. ते मी ठरवलं होतंच, फार आधीपासून. त्याला कामावर जाऊ देणार होतो. पहिल्या तारखेपासून माझ्या मनात तेच होतं. हे आज लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय, पण खरं तेच आहे. मला फक्त ते बोलायचं नव्हतं.

परतताना बर्नेल म्हणाला, "तीनशेच्या वर होते." मी काच खाली केली. गाडीत ताकाचा वास भरला होता.

२ एप्रिल, मंगळवार

जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो. टेकडीच्या मतदान केंद्रावर मी हरलो, तळ्याकाठी मी जिंकलो. क्रिस्टाचा फोन आला, नीट बोलली. बर्नेलने सगळ्यांना बिअर पाजली आणि मला मिठी मारताना माझा चष्मा वाकवला. पुतण्याही आला. म्हणाला, "काका, मला खात्री होती." काच खरवडताना नव्हती वाटतं.

सहा वर्षं. आता मी मोकळा झालो. आता जे करायचं ते करता येईल. शुक्रवार येऊ दे.

५ एप्रिल, शुक्रवार

पहिलाच पुकारा एमिलचा. लघुलेखिका हजर, अहवाल पूर्ण, सकाळ सगळी रिकामी. एगन, लांब मानेचा पोरगा, तिसऱ्या रांगेत लेओना, काळे बूट. खूप दिवसांनी मी न्यायासनावर ताठ बसलो होतो.

शिक्षा सुनावली. काउंटीच्या तुरुंगात मुदत, आतापर्यंतचे दिवस वजा, दारूमुक्तीचे उपचार आणि उरलेल्या काळात रोज बारा तास कामावर जायची सवलत. बारा तास मी सहसा कुणालाच देत नाही. पाहिलंस, ऐकलंस ना, असं मला तिसऱ्या रांगेला म्हणावंसं वाटलं. तिथे कुणी हललं नाही.

"कामाचं ठिकाण सांगा," मी म्हणालो. "आदेशात लिहावं लागतं. कुठे जाणार ते तुरुंगाला कळायला हवं."

एमिल उभा होता. हात पुढे एकावर एक, चीज दाबतात तसे. त्याने एगनकडे पाहिलं. एगनने टेबलाकडे पाहिलं.

"ठिकाण नाही, जजसाहेब," एमिल म्हणाला. "शनिवारी विकलं." आणि मग मला आठवण करून द्यावी तसं, अगदी साधेपणाने, "तुम्ही होतात की तिथे."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. हातोडीकडे हात गेला, तिचंही काही काम नव्हतं. लघुलेखिकेची बोटं थांबली होती. मी जे काही बोलेन ते घ्यायला ती तयार बसली होती. चालू खटल्याबद्दल जजला बोलता येत नाही, असं एकदा माझ्या तोंडावर आलंसुद्धा.

शिपायाने एमिलला नेलं. या वेळी नवरा-बायकोंनी एकमेकांना कसलीही खूण केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत विल्मा आदेश घेऊन आत आली. सही तेवढी राहिली होती. तिने बोट ठेवलं. "इथे काय लिहू, जजसाहेब? कामाचं ठिकाण?"

मी खिडकीशी गेलो, परत आलो. बाहेर समोरच्या अंगणात माझी पाटी अजून उभी होती, कुणी काढली नव्हती.

"सोमवारी बघू," मी म्हणालो.